मुंग्या आणि हळदीची रेघ

डॉ. नलिनी तामणे यांच्या मुंग्यांवरच्या, त्यांच्याच आवाजात बोलणाऱ्या शोधनिबंधाचा दहा वर्षांत कुणीच आधार घेतला नव्हता. त्यामुळे ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे आज त्याचा आवाज कायमचा बंद होणार होता. नलिनीबाई गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज उरला होता. म्हणून त्यांचे पती, पेढेवाले वसंतराव, स्वतःच निबंध लिहून ग्रंथालयात आले: हळदीची रेघ मुंग्या ओलांडत नाहीत, आधार, डॉ. तामणे.

आधाराला मूळ निबंधाची संमती लागे.

"अहो, किती डबे तपासलेत?" निबंधाने विचारलं.

"एक. पण पेढ्यांचा आहे गं."

"एका डब्यावर शास्त्र? वीस तपासा, मग माझं नाव घाला."

"दुरुस्तीला सहा महिने," ग्रंथालयाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "तोवर आवाज चालू राहील."

वसंतरावांनी ठरवलं, या खेपेला मुद्दाम पंधराच डबे मांडायचे.