निळा काठ

भांडण नको म्हणून सासूबाईंनी दोघी सुनांना एकसारख्याच नव्या तऱ्हेच्या पैठण्या घेतल्या. काठाच्या पातळ पापुद्र्यात सोन्याचे सूक्ष्म कण होते. मन खवळून अंगाला घाम सुटला की पापुद्रा फुगे, कण लांब सरकत आणि काठ लाल दिसे. एरवी तो निळा.

हळदीकुंकवाला धाकट्या केतकीचा काठ निळाशार झळकत होता, थोरल्या उज्ज्वलाचा मात्र लालभडक.

"सासूबाईंनी आणलेल्यातली चांगली स्वतः उचललीस आणि खराब माझ्यासाठी ठेवलीस!" उज्ज्वलाने तिला आतल्या खोलीत गाठलं.

"मग माझी नेसा ना, वहिनी," केतकी म्हणाली.

उज्ज्वला ती नेसून निऱ्या खोचतेय तोच काठ लाल झाला. चिडून तिने ती फेडली आणि पलंगावर भिरकावली. पंख्याखाली, कुणाच्याच अंगावर नसताना, काठ सावकाश निळा झाला.