मूळ शूटिंग
विजेचा भरवसा नाही म्हणून जाकीरनं सुटे भाग जोडून, पंख्यापेक्षा कमी वीज खाणारा, जेवणाच्या डब्याएवढा संगणक बनवला होता. इन्व्हर्टरवर लग्नाची फिल्म तयार व्हायची. पण त्यात जागा थोडी, म्हणून फिल्म दिली की मूळ शूटिंग तो पुसून टाकायचा. आज मोताळ्यातल्या दुकानात त्याचे शाळेतले भालचंद्र गुरुजी आले. त्यांची लेक रेवती, जिच्या लग्नाची फिल्म जाकीरनंच केली होती, सासरी जळून मेली होती. सासरचे अपघात म्हणत होते. “मांडवात जावयानं तिचा हात पिरगाळला, ते दाखव. पोलिसांना द्यायचंय.” “गुरुजी, तुम्हीच म्हणले होते, मंगलकार्यात असं दिसाले नको, काढून टाक.” “फिल्ममधून काढ म्हणालो रे. मूळ तर असेलच ना?” “बसा गुरुजी, पाह्यतो,” म्हणत जाकीर एकेक रिकामं फोल्डर उघडू लागला. गुरुजींनी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली.