नेलपॉलिशचा ठिपका

इंजेक्शनच्या बाटलीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. उशीखाली औषधांची रिकामी खोकी. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या पेशंटचं, म्हाताऱ्या चाचांचं, घोरणं.

लखनौ, १९९६. लतिकाच्या नवऱ्याचं, उल्हासचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले, तरी जखमेतून पू येत होता आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता. सिस्टर खरी इंजेक्शनं विकते आणि नकली टोचते, अशी लतिकाची खात्रीच पटली होती. म्हणून निशातगंजच्या औषधाच्या दुकानातून स्वतः आणलेल्या प्रत्येक बाटलीवर ती खुणेचा ठिपका लावी आणि सुई टोचून होईपर्यंत तिथून हलत नसे.

"भाभीजी, हमारी न सही, अपनी बिंदी की तो मानिए!" सिस्टर एकदा वैतागून म्हणाली.

आज पुवाच्या तपासणीचा रिपोर्ट आला.

"दवा असली है, भाभीजी," डॉक्टर म्हणाले. "कीटाणु ढीठ है, दवाओं से मरता नहीं, अस्पताल का ही है. चाचा के ज़ख्म में भी यही निकला था. अब बस एक दवा बची है."

"तो क्या चाचा के पलंग से इनके पलंग तक चलके आया?" लतिका कडाडली.

"चलके नहीं. किसी के हाथों से."

लतिकाने सिस्टरच्या हातांकडे रोखून पाहिलं.



पहिल्या दिवसापासून, चाचांना झोप लागली की लतिका हळूच त्यांची पट्टी उचलून बघायची, त्यांना जास्त चांगलं मलम लावतात का ते. आणि मग लगेच उल्हासची.