बेस येत नाही

"बेस येत नाही," तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि कानातले दोन्ही इअरफोन काढून त्याने साउंडवाल्याच्या हातात ठेवले. "मीच वाजवतोय आणि मलाच ऐकू येत नाही. कार्यक्रमात काय डोंबल वाजवणार?"

रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती, मांडीवर त्याचा कोट घेऊन. बाकीचे वादक चहाला पांगले होते, तेवढं एक बरं होतं.

साउंडवाला जुना, शांत डोक्याचा माणूस. त्याने इअरफोनच्या तोंडाची बारीक जाळी साफ केली, वायर बदलली, कमरेला लावायचा रिसीव्हर बदलला. मग त्याच रिसीव्हरला स्वतःचे इअरफोन लावून ऐकलं. बेस दणदणीत येत होता.

"म्हणजे दुखणं माझ्या इअरफोनलाच आहे," गिटारवाला म्हणाला. "हल्ली सगळाच माल फुसका. घड्याळ मनगटावर राहत नाही, बूट ढिले पडले, शर्ट धुतला की ऐसपैस होतो. विचारा हिला."

"चांगल्या वस्तू मिळतातच कुठे आता," ती म्हणाली.

पूर्वी त्याने गिटारला दोष दिला, की ती लगेच म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. मग दोघंही हसत सुटायचे. आज ती म्हण तिच्या जिभेवर आली आणि तिथेच अडकली. डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावून जे सांगितलं होतं, ते तिने त्याला अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती सांगायचं ठरवायची, आणि रोज त्याच्या पँटचा पट्टा ओढून बसवण्यातच सकाळ निघून जायची.

साउंडवाल्याने एकेक इअरफोन मोजमापाच्या छोट्या नळीत बसवून पाहिला. लॅपटॉपवर त्याच्या आवाजाच्या आलेखाची रेघ उमटली. इअरफोन नवे असताना काढलेली रेघ त्याने तिच्यावर ठेवली. दोन्ही तंतोतंत जुळल्या.

"ह्यांना काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "हे तुमच्या कानाचा साचा घेऊन बनवलेत. गच्च बसले तर बेस राहतो. जरा फट पडली, की आधी बेसच निसटतो. म्हणजे तुमचा कानच..."

त्याने मान वर केली. गिटारवाल्याचे गाल पाहिले, कॉलरमध्ये हरवलेली मान पाहिली. मग त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. ती नुसती मान हलवत होती. नको, नको.

"म्हणजे... साचाच," साउंडवाला चाचरत म्हणाला. "आक्रसतो कधी कधी. प्लास्टिकच ते शेवटी."

"मी मघापासून काय सांगतोय!"

"दुरुस्ती आज नाही व्हायची. जरा दाबून धरा बघू."

त्याने दोन्ही इअरफोन बोटांनी दाबले. साउंडवाल्याने त्याच्या गिटारची जाड तार छेडली आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "आला! आला बेस!" वाजवायला म्हणून त्याने हात खाली घेतले, आणि बेस पुन्हा गेला. तो आपल्या दोन हातांकडे बघत बसला.

ती उठली. पायऱ्या चढून रंगमंचावर आली, त्याच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही इअरफोन तिने बोटांनी हळूच आत दाबले. कानाचा साचा घेताना साचेवाल्याने "हसू नका" म्हटल्याबरोबर हा हसला होता, आणि सगळं पुन्हा करावं लागलं होतं. तेव्हा तिने ह्याच कानाखालचा गुबगुबीत गाल धरून ठेवला होता. आता बोटांना हाड लागत होतं. तिला रडू फुटेल असं वाटलं, पण हात मोकळे नव्हते.

"वाजव," ती म्हणाली.

तो डोळे मिटून वाजवू लागला. खालच्या सुरांची थरथर तिच्या बोटांत शिरली. साउंडवाला पाठ करून, गुंडाळलेलीच वायर पुन्हा गुंडाळत राहिला. गाणं संपलं, तोवर तिच्या हातांना रग लागली होती. तिने बोटं सैल केली.

"राहू दे गं," तो डोळे न उघडताच म्हणाला. "इअरफोन चांगले आहेत, माहीत आहे मला. एवढ्यात बोटं काढू नकोस."