बासष्ट सालची किक

"जरा डावीकडं हवी होती, डीकन!"

चर्चच्या पायरीवर कुणीतरी सवयीने टोमणा मारला आणि लगेच जीभ चावली. आज तो टोमणा चालणार नव्हता. बासष्ट सालचं अमेरिकन फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद बेथेल रिज कॉलेजला आज मिळायचं होतं, साठ वर्षं उलटून गेल्यावर. चर्चचा डीकन, म्हणजे सेवेकरी, ओडेल प्रूइट आत गेला.

त्या साली शेवटचा सामना बरोबरीत होता आणि एक किक तेवढी उरली होती. ती ओडेलने मारली. बॉल उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. तेव्हा विजेता पेपरवाल्यांच्या मतांवर ठरायचा; त्यांनी आपली मतं दुसऱ्या कॉलेजच्या पदरात टाकली आणि अलाबामातल्या त्या गावाने ओडेलला जन्मभर सोडलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, तळलेल्या माशांच्या रांगेत, स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने तेच ऐकलं. जरा डावीकडं! त्याने कधी तोंड उघडलं नाही. कोचचा दंडकच होता तसा: किक मारणारा सबब सांगत नाही.

आता कुठल्याशा समितीने ते जुने सामने पुन्हा तोलले. कोण कुणाशी खेळलं, समोरचा किती तगडा होता. निघालं असं की ती बरोबरीसुद्धा पुरेशी होती. मैदानाच्या भिंतीवर साल रंगवलं गेलं, विजेत्या संघाला देतात तशा अंगठ्या घडवल्या गेल्या. कॉलेजचा तरणाबांड क्रीडासंचालक त्या घेऊन आज चर्चमध्ये आला, तेव्हा ओडेलने एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या किकनं काही गेलं नव्हतं. हे चारचौघांत सांगाल का?"

"कशाला सर जुनं उकरायचं? आज आनंदाचा दिवस आहे!"

ओडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विजेतेपद मागे जाऊन देता येतं, मग बोल मागे जाऊन पुसता का येऊ नये?

पास्टर व्हिटलोंनी प्रवचन धरलं. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला सूर, मग सुराला ऑर्गन.

"उशीर झाला!"

"झाला हो, झाला!" बायकांच्या बाकांवरून उत्तर आलं.

"पण देव विसरला का?"

"नाही विसरला!"

हातातले पंखे थांबले, टाचा ठेका धरू लागल्या. एरवी या जागी ओडेलचे डोळे भरून यायचे. आज ते कोरडेच राहिले. पास्टर घाम पुसत खुर्चीत टेकले, तशी त्याने त्यांच्या हातातला माईक घेऊन बटण बंद केलं. चर्चमधलं हे काम त्याचं. एकदा पास्टर स्वतः विसरले होते आणि "आज गोडाला पीच कॉबलर आहे ना गं?" हे अख्ख्या चर्चने ऐकलं होतं. तेव्हापासून ते बटण डीकन प्रूइटच्या हवाली होतं, आणि तो एका रविवारी चुकला नव्हता.

मग उठला थर्मन गेन्स. त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर सगळा खेळ चालवणारा, गावाचा लाडका. त्या किकसाठी बॉल जमिनीवर उभा धरणारा तोच, आणि टोमण्याचा जनकही तोच. त्याने माईक घेतला, सुरू केला.

"ओडेल, बाबा, साठ वर्षं तुझ्यावर रागावून होतो मी. जा, आज माफ केलं तुला!"

चर्च खदाखदा हसलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. थर्मनने माईक ओडेलच्या हातात कोंबला. "बोल की चार शब्द!"

माफ केलं. ओडेल थर्मनच्या म्हाताऱ्या हाताकडे बघत राहिला. घाईत चढवलेल्या अंगठीचा खडा तळव्याकडे गेला होता. त्याने थर्मनचा हात धरला, बोटाने अंगठी फिरवून खडा बाहेर आणला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"बॉलची शिवण अशीच फिरवायची असते, थर्मन. पायापासून लांब, पुढं. बॉल धरणाऱ्याचं काम ते. त्या दिवशी तू फिरवली नव्हतीस. शिवणीची ती जाड दोरी माझ्या पायाला लागली, म्हणून बॉल तिरका गेला."

थर्मनचं हसू गळून पडलं. "तुला... दिसलं होतं?"

"धावत आलो तेव्हाच."

टाळ्या थांबल्या होत्या. ऑर्गनवाल्याचे हात हवेतच राहिले होते. बाकाबाकांवरून माणसं थर्मनकडे बघत होती.

ओडेलने हातातल्या माईककडे पाहिलं. तो चालू असल्याचा हिरवा दिवा चांगला लख्ख पेटलेला होता.