समेवरचं नाव

सन एकतीसच्या उत्सवात विशीतला दामोदर रत्नागिरीजवळच्या देवळात स्वतः बांधलेली चीज गायला बसला. चिजेच्या शेवटी बांधणाऱ्याचं नाव गुंफायची रीत. त्याने हौसाचं गुंफलं होतं, कारण शब्द तिच्या जात्यावरच्या ओवीतले होते. हौसा महारवाड्यातली, तिने देवळाच्या दगडी गडग्याबाहेर उभं राहूनच ऐकायचं; आजही ती तिथेच होती. नावाची कुणकुण लागलेले गावचे खोत कानाशी वाकले, "दामू, तेवढं नाव गाळ रे. देवासमोर नको." दामोदर हसला. "गाळलं असतं, काका. पण ते नेमकं समेवर येतं. तिथे दुसरं बसतच नाही." खोत तोंड फिरवून बसले. पण जन्मभर गाणं ऐकलेला माणूस. ताल मांडीवर आपसूक वाजू लागला. चीज वळणं घेत समेवर आली, 'हौसा' शब्द गाभाऱ्यापर्यंत घुमला आणि पहिली 'वाहवा!' खोतांच्याच तोंडून निघाली. दामोदराने ती ओळ पुन्हा घेतली, गडग्याकडे तोंड करून.