साइट हलली त्या दोन दिवसांत

“सुपारी फुटली, रविवारी साखरपुडा, आणि तुमच्या मुलीचं नाव अजून वधू-वरच्या साइटवर? अजून स्थळं बघताय की काय?”

चिपळूणहून होणाऱ्या व्याह्यांचा फोन होता. स्पीकरवर होता, त्यामुळे हातखंब्याच्या त्या घरात तो सगळ्यांनी ऐकला, शेजारच्यांनीही थोडाफार. दर्शनाचे बाबा दत्ताराम लाल झाले. नाव काल सकाळीच काढलंय, तिने स्वतः काढलंय, असं ते ओरडून सांगू लागले. तेवढ्यात दर्शना त्यांच्या कानाशी आली.

“बाबा, त्यांच्या ओमकारचं पण नाव अजून तिथंच हाय. मी बघितलं.”

“चोराच्या उलट्या बोंबा! तुमच्या ओमकारचं नाव पण तिथंच हाय, दर्शनाने बघितलान!” दत्ताराम फोनवर गरजले. पलीकडचे म्हणाले, ओमकारने आपलं नाव काल संध्याकाळी काढलं, देवाशपथ. दोघांनी एकमेकांना खोटं ठरवलं आणि हॉल रद्द करण्यापर्यंत मजल गेली.  दर्शनाला मुलगा आवडला होता. बघायला आला तेव्हा त्याने एकदाही मान वर केली नव्हती, तरी आवडला होता.

ती धावत जाऊन शेजारच्या घरातून विनोदला घेऊन आली. विनोद तिचा चुलतभाऊ. वधू-वर मंडळाची ही साइट तोच सांभाळतो. म्हणजे चालली तर मंडळाची, पडली तर विनोदची. फोन चालूच होता. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि कपाळाला हात लावला.

“काका, हिने पण नाव काढलान, त्याने पण काढलान. परवा मी साइट नव्या कंपनीकडे हलवली. साइट कुठे राहते ते सांगणारे नेमसर्व्हर बदलले. आता बिऱ्हाड हललं, ही खबर सगळीकडे पोचायला दोन दिवस जातात. तोवर कोणाला जुनी साइट दिसते, कोणाला नवी. हिने नाव काढलान नव्या साइटवरनं, त्याने जुन्या. आपल्याकडे नवी दिसतेय, चिपळूणला जुनी.”

“म्हणजे खोटं कोणीच नाय?”

“कोणीच नाय. नव्या साइटवरनं त्याचं नाव मी आत्ताच काढतो.”

 मग दोघे व्याही, आपण मुळात चिडलोच नव्हतो अशा थाटात, रविवारी खुर्च्या किती लागतील यावर बोलू लागले. विनोदला कुणी साधा चहाही विचारला नाही.

पाच मिनिटांनी दर्शनाचा फोन वाजला. ओमकार होता. लग्न ठरल्यापासून त्याने पहिल्यांदाच फोन केला होता.

“बाबा बोलले त्याबद्दल सॉरी,” तो म्हणाला.

“ते राहू द्या. तुम्ही कालच नाव काढलंत, मग आज परत साइट उघडली कशाला?”

ओमकारने खरं ते सांगून टाकलं.

“तुमच्या डीपीला गणपती आहे. तुमचा फोटो तेवढा तिथंच होता. बघत बसलो होतो. बाबा मागे येऊन कधी उभे राहिले, कळलंच नाय.”

दर्शना गालातल्या गालात हसली.

“आणि माझं नाव तुम्हाला कसं दिसलं?” त्याने हळूच विचारलं.

“हॅलो? हॅलो? आवाज येत नाय,” दर्शना म्हणाली, आणि स्वच्छ ऐकू येणारा फोन तिने घाईघाईने ठेवून दिला.